प्लॅस्टिक घातलेलं स्टूल

ता. ११ जून

ती. दादास,

सा. नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण फिरते आहे.

तुझं पत्र मिळालं. नातवाची लघवीची नळी जन्मतःच अरुंद आहे, मूत्रपिंडाला सूज आहे, हे वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. आमच्या मुलीचं दुर्बिणीनं ऑपरेशन ज्यांनी केलं त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता तू मागितला आहेस.

याच मुलीला तुमच्या नव्या सोफ्यावरून वहिनीनं उठवलं होतं. दाराजवळ स्टूल, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर आमची पोर. सगळ्यांसमोर तू हसलास, "एवढी घोडी झाली तरी गळका नळ!"

हिनं हात जोडून सांगितलं, "भावोजी, ती वेळच्या वेळी जाते हो. तरी कपडे ओले राहतात."

"लाड कमी करा, आपोआप थांबेल," वहिनी म्हणाली.

हिनं तुम्हाला सांगितलं तेच डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "वेळेवर जाते आणि तरी ओली? मग हा आळस नाही."

तपासणीत एका मूत्रपिंडाला दोन नळ्या निघाल्या. त्यातली एक मूत्राशयात न जाता खाली भलतीकडेच उघडत होती. पोटाला तीन बारीक छिद्रं पाडून बाईंनी ती दुसरीला जोडली. पोर आता कोरडी असते. वर्गात पहिल्या बाकावर बसते.

पण उठली की अजून मागे वळून जागा बघते.

रोज देवापुढे बसलो की तुम्हाला माफ केल्याचं सांगतो. मग ती जेवून उठते, खुर्चीकडे वळून बघते, आणि माझी माफी तिथंच संपते.

बाळाचा यात काय दोष? मी बाईंशी बोललो आहे. गुरुवारी त्या त्याला बघतील. पत्ता मात्र इथं लिहीत नाही. तो मुलीला पाठ आहे. बुधवारी बाळाला घेऊन तू आणि वहिनी इकडे या. ती मधल्या खुर्चीवर बसेल. तुमच्यासाठी दाराजवळ दोन स्टुलं मांडली आहेत, वर प्लॅस्टिक घालून. बसा आणि तिला विचारा. ती सांगेल.

काल तीच म्हणाली, "बाबा, प्लॅस्टिक काढा ना. काकूला कसं वाटेल?"

मी काढलेलं नाही.

बाळाला अनेक आशीर्वाद. तुला नमस्कार वर लिहिला आहे, तेवढाच.

तुझा धाकटा