न पाहिलेला गोल

शनिवार, ९ मार्च. म्बाले

आज एका शब्दाचं खोटं बोललो — 'डोक्याने'!

बहात्तरावं मिनिट, आमचा कॉर्नर. मी नेहमीसारखा मैदानाच्या रेषेलगत बाकावर, हातात पैजा घेणाऱ्या कंपनीचा फोन. पुढचा गोल कसा होणार, यावर लोक सामना चालू असतानाच पैज लावतात — पायाने, डोक्याने, फ्री किकवर, पेनल्टीवर, की स्वयंगोल. मी जे बटण दाबीन तसा निकाल. एवढ्याशा सामन्याला कॅमेरा कुठला? माझे डोळे हाच पुरावा.

आणि नेमक्या तेव्हाच समोरून सासूबाई! रेषेच्या कडेने, झपझप. जावयाने सासूचं तोंड पाहायचं नाही, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. मान खाली घातली, पाठ फिरवली. तेवढ्यात आरोळी! वळून पाहतो तर चेंडू जाळ्यात. कॉर्नरवरचा गोल, म्हणजे डोक्यानेच असणार. दाबलं बटण.

'दिसला नाही' असंही बटण आहे. ते दाबलं की पैजा थांबतात, चौकशी होते. पण सासूबाई आल्या म्हणून गोल पाहिला नाही, हे कंपनीच्या साहेबांना कसं पटवणार? घाबरलो, दुसरं काही नाही.

रविवार, १०

वामोनो सुतार आला. त्याची पैज 'पायाने'वर होती. "कुलोबा, अरे नऊ नंबरने टाच लावली! मी जाळ्यामागेच उभा होतो. पैजेच्या दुकानात सगळे हसले मला. म्हणे, म्हाताऱ्या, चष्मा घे."

मी म्हणालो, "डोकंच होतं. या डोळ्यांनी पाहिलं."

त्याने डोळे चोळले. मग म्हणाला, "तू म्हणतोस म्हणजे मलाच चुकीचं दिसलं असेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं!

सोमवार, ११

कंपनीचा फोन. तक्रार आली आहे म्हणे. "स्वतः पाहिलंत? खात्री आहे?" दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणालो. निकाल कायम.

मंगळवार, १२

वामोनो खरंच डोळे तपासून आला. काम टाकून! "डॉक्टर म्हणतो, नजर अगदी नीट आहे. मग गड्या, मला टाच कशी दिसली?"

मी म्हणालो, "गर्दी होती ना." थू माझ्या जिण्यावर! रात्री जेवायला बसलो. खैन्झाला सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं आणि मीठ मागितलं. ती बायको आहे माझी, तरी धीर झाला नाही.

बुधवार, १३

खैन्झा माहेरी जाऊन आली. तिच्या आईने माझ्यासाठी काहीतरी पाठवलंय म्हणाली. पैजेचं तिकीट! पुढचा गोल — डोक्याने. माझ्या बटणाने जिंकलेलं. आज पाचवा दिवस, तरी पैसे घेतलेले नाहीत. वर निरोप — "जावई मला मान देत होता, तेव्हा मी गोल पाहत होते. पायाने झाला. मी हरले आहे, असं त्याला सांग."

कंपनीला फोन लावला. म्हणालो, गोल मी पाहिलाच नव्हता.