सुमनताईचा गाल

११ नोव्हें., मंगळ. नागपूर.
टीव्हीवरच्या चित्रकलेच्या स्पर्धेत पुढच्या फेरीत गेलो. आनंद झाला असं लिहाले पाह्यजे. नाही झाला.
चित्रासाठी समोर बसल्या होत्या सुमनताई, उमरखेडच्या रिटायर नर्स. डाव्या गालावर कोडाचा मोठा पांढरा डाग, कानापासून हनुवटीपर्यंत. चार तास त्याच गालाकडे पाह्यत होतो. अन् चित्रात डाग आलाच नाही! आठ वर्षं दुकानात मेलेल्या मानसायचे फोटो पाहून चित्रं काढून राह्यलो. त्यायच्या घरचे म्हणते, डाग काढा, जरा उजळ करा. हात आपोआप तसाच गेला. आईशप्पथ, मुद्दाम नाही केलं.
परीक्षकानं विचारलं, डाग जाणूनबुजून वगळला ना? मी हो म्हटलं. वरून, मले त्यायच्या मनाचं सौंदर्य दाखवायचं होतं म्हणे. कुठून सुचलं काय माहीत. टाळ्या.
मंग चहाच्या टेबलापाशी सुमनताईले दुकानाचं सांगितलं, तर म्हणाल्या, "तुम्ही ज्यायचे चित्र काढता, ते पाहाले येत नाहीत ना?"
रागात नाही, साध्याच बोलल्या. चित्र घरी न्या म्हटलं, तर नेलं नाही.

१५, शनि. घाटंजी.
टीव्हीवर आलं. अर्धी गल्ली आमच्या घरात. 'मनाचं सौंदर्य' आलं अन् बायको विमलच्या डोळ्यात पाणी. आई सगळ्यायले सांगून राह्यली, पोरानं त्या बाईले किती सुंदर केलं म्हणून. मी मोरीत जाऊन उभा राह्यलो. बायकोसमोर एवढी लाज कधी वाटली नव्हती.

१७, सोम.
पारवा गावाकडचा एक जण बापाचा फोटो घेऊन आला. बापाचा ओठ जन्मापासून फाटका. "टीव्हीत त्या बाईले केलं तसं करून द्या."
फोटो ठेवून घेतला. हात लावला नाही.

१८, मंगळ.
सुमनताईले फोन लावला. सगळं सांगून टाकलं. सवयीनं झालं, अन् परीक्षकासमोर खोटं बोललो. माफ करा म्हटलं.
त्यायनं पूर्ण ऐकून घेतलं. "मले नका सांगू. जिथं बोलले तिथं सांगा."
विमलले अजून नाही सांगितलं. जेवताना दोनदा तोंड उघडलं, अन् दोनदाबी भाजीच मागितली.

२०, गुरु. नागपूर.
सांगितलं. शूटिंग सुरू होताच, माईकवर. डाग सवयीनं सुटला, मनाचं सौंदर्य नंतर जोडलं, असं.
डायरेक्टर बाई जवळ आल्या. भावना समजतात म्हणे, पण मागच्या भागाची शोभा होईल, हे कापावं लागेल. पुन्हा घेऊ, फक्त छान वाटतंय एवढंच म्हणा.
पुन्हा घेतलं. छान वाटतंय म्हटलं. हसलो बी. काहून हसलो? कोणी पाय बांधून ठेवले नव्हते, उठून जाता आलं असतं. फायनल दिसत होती समोर, दुसरं काय!
फायनलले गेलो.
संध्याकाळी सुमनताईचा फोन. सांगितलं काय, विचारलं.
"हो," म्हटलं.
किती बरं वाटलं त्यायले. शनिवारी हा भाग टीव्हीवर पाहाले शेजारच्या बायायलेबी बोलावते म्हणाल्या.
मी बरं म्हटलं अन् फोन ठेवला.