आपल्या हाताने उसवलेलं

सोमवार, ता. ९

प्रिय मास्तरीणबाई,

इकडे मी ठीक आहे, म्हणजे पत्रात लिहितात तेवढा ठीक. तुझ्या भावाच्या कोटाचं माप मिळालं, बाही अर्धा इंच वाढवतोय. दूध दोनदा उतू गेलं. शेजारच्या काकू विचारतात, "बाई माहेरी किती दिवस?" मी म्हणतो, शाळेला सुट्टी आहे. शाळा चालू आहे हे त्यांना दिसतंय.

जाताना दारात तू विचारलंस, "मी नकोशी झालेय का? तेवढं तरी सांग." आणि मी चप्पल शोधत बसलो.

आता सांगतो. कातडी मागे सरेना म्हणून डॉक्टरांनी सुंता केली, तेव्हा तू बाहेर बाकावर होतीस. टाके आपोआप विरघळतील, हात लावू नका, असं त्यांनी तुझ्यादेखत बजावलं होतं. चौथ्या दिवशी दोरा टोचायला लागला. पाहिलं तर एक टाका ढिला, एक ताणलेला. वीस वर्षं सुई धरलेला माणूस मी. म्हटलं, दोरा कुठे विरघळतो होय? दुकानातली छोटी कात्री उकळली आणि कच्ची शिवण काढावी तसे चार टाके कापून काढले.

जखम उघडली, चिघळली. भरली तेव्हा व्रण जाड आणि आखडलेला. तू जवळ आलीस की तो ताणला जातो आणि जीव जातो. म्हणून भिंतीकडे तोंड करून निजायचो. तू भलतंच समजलीस आणि मी समजू दिलं. नकोशी तू कधीच नव्हतीस गं. शिंप्यानेच टाके बिघडवले हे सांगायची मला लाज वाटली.

डॉक्टरांनाही मी "आपोआप सुटले" म्हणून ठोकून दिलं. तीन महिने मलम लावलं, फरक नाही. व्रण काढून पुन्हा शिवावं लागेल, पण ते कचरतात. "तुमच्या कातडीत टाका टिकत नसेल तर पुन्हा हेच होईल," म्हणतात. बिचारे स्वतःलाही दोष देतात. खरं सांगितल्याशिवाय ते हात लावणार नाहीत आणि मी असाच राहीन.

गुरुवारी दहाला बोलावलंय. दोनदा आरशासमोर बोलून पाहिलं, "मीच कापले." दोन्ही वेळा तोंडातून "आपोआप"च निघालं. तू शेजारी बस. मी पुन्हा "आपोआप" म्हणालो तर तिथेच, डॉक्टरांसमोर, मला खोटं पाड. रागावलेली असलीस तरी ये.

तुझाच,
खोटारडा शिंपी