उलट्या मशाली

४ एप्रिल १९९१
चित्र झालं एकदाचं. कोलशेतचा धाकू कोळी नवं घर बांधतोय. मुलाच्या, मोरूच्या, लग्नाआधी त्याच्या खोलीच्या छताला प्लास्टरची नक्षी हवी. "मास्तर, विंग्रजांचे बंगल्यान असते तशी!" जुन्या विलायती नक्षीच्या पुस्तकातून दोन पंखवाली गुबगुबीत पोरं उचलली. हातात खाली झुकलेल्या मशाली, भोवती पानांची माळ. साचा काळुराम गवंडी करील.

भागीरथीला जाऊन सव्वा महिना झाला. आज पुन्हा दोघांचा भात लावला.

९ एप्रिल
रतन डोंबिवलीहून आली. आईच्या साड्या आवरल्या. जाताना म्हणाली, "बाबा, एकदा रडा तरी हो!" चहा कर म्हटलं.

२२ एप्रिल
काळुरामने नक्षी छताला चढवली. सुबक झालीय. बरं.

२६ एप्रिल
नौपाड्यात वाचनालयात बसलो होतो. एका जाड कोशात सापडलं — उलटी मशाल म्हणजे विझलेलं आयुष्य! रोमन लोक थडग्यांवर कोरायचे. आणि मी ती नवराबायकोच्या डोक्यावर टांगलीय. काळुरामला सांगितलं. "भाऊ, छत कोण वाचतंय? गप बसा." गप बसलो. लग्न पाच मेला.

३ मे
गेलो शेवटी. धाकूला सगळं सांगितलं, त्याच्या बायकोसमोर, जाईबाईसमोरच. म्हटलं, अशुभ आहे, फोडा, दुसरं काढून देतो. धाकू वर बघत राहिला. वाटलं, आता आईमाईवरून शिव्या! तर खो खो हसला. "अरं मास्तर, चिंबोऱ्या धराला जाताव त मशाल खालीच धरतान! वर धरून आभालान चिंबोऱ्या गावतान काय? माझी पोरां पोटापान्याला निंगालीन ती!"

म्हणे खेकडे धरणारी पोरं! फोडायचं नाव नाही. जाईबाईने जेवायला बसवलं. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. "किती सुकलाव मास्तर. लग्नाला येवाचाच!" आग्रह करकरून वाढत होती. जेवलो.

५ मे
लग्नाला जाऊन आलो. मोरूने नव्या नवरीला छत दाखवलं — "हे मास्तरांनी केलं." ती माझ्या पाया पडली.

कोशात सापडलं, हे खोटं. इथेही खोटंच लिहिलं. अर्थ मला चित्र काढतानाच ठाऊक होता. माझं घर विझलं, मग दुसऱ्याचं का उजळावं — म्हणून काढलं.

बाकी काही वाटत नाही. पण लाज वाटतेय.