ओटी कुणाची भरली

३ जून, मंगळवार. बाझेल
बोटीवर नवा ग्रुप चढला. पुण्याचे बावीस ज्येष्ठ, पाच रात्री, कोलोनपर्यंत. डायनिंगचा मॅनेजर उवे खूश. "गेनाऊ, अगदी तुझी माणसं!" म्हणजे बशा उचलायच्या त्या उचलायच्याच, वर दुभाष्याचं काम फुकट.

बापट काकूंनी छातीवरचा बिल्ला वाचला. "शंतनु? आपला का रे तू? कुठला? शिकतोस काय?" एका श्वासात. म्हटलं, कार्ल्सरूहेला, इंजिनियरिंग. 'होतो' गिळला. हातावर चकली ठेवली त्यांनी. भाजणीची. दीड वर्षानं खाल्ली.

केतकीला मेसेज टाकला. गुरुवारी बोट केलला लागते, नदीवरचा पूल ओलांडला की तुझं स्ट्रासबुर्ग, अर्धा तास दे. वाचलाय. उत्तर नाही. तिला तिथे नोकरी लागल्यापासून हे असंच.

४ जून, बुधवार. ब्रायझाख
आलं! "उद्या ११ वा. कॅथेड्रलसमोर. मलाही बोलायचंय."

मलाही. 'ही' म्हणजे काय? दिवसभर तेच. सूपच्या तीन बशा चुकीच्या टेबलावर.

पुन्हा प्रवेशाचा फॉर्म कपाटात आहे, फेब्रुवारीपासून कोरा. ठरलं: केतकी 'तुझ्यासाठी थांबते' म्हणाली तर भरायचा, कार्ल्सरूहेला परत. नाही म्हणाली तर ऱ्हाईनमध्ये. फॉर्म. मी नाही.

५ जून, गुरुवार. केल, दुपारी ४
एक पान फाडलं.

नीट लिहितो.

उवेनं सुट्टी दिली, पण ग्रुपबरोबर जायच्या अटीवर. बावीस जणांना ट्राममध्ये बसवलं. पुलावर बापट काका: "पासपोर्ट कुणी बघतच नाही? मग फ्रान्स सुरू झालं हे कळायचं कसं?" कॅथेड्रलसमोर सगळ्यांच्या माना वर. काकांचा पुढचा प्रश्न: "एकच शिखर? दुसरं कुठंय?"
मी म्हटलं, बांधायचं राहिलं.
"म्हणजे अर्धवट सोडलं? इतकं सगळं करून?"
हो काका. सोडतात लोक.

११ ला पाच कमी, के. आली. निळा कुर्ता, केस कापलेत. मी ग्रुपला कॅथेड्रलमधल्या जुन्या, पुतळ्यांच्या घड्याळाच्या रांगेत लावलं आणि तिच्याकडे गेलो. दोन वाक्यंही झाली नव्हती. मागून काकू. "अगंबाई! ही आपली का रे? लपवून ठेवलीस!" रांगेतल्या सगळ्या बायका वळल्या.

के. म्हणाली, "अहो काकू, नाही, आम्ही..." तोवर कुंकू टेकलं होतं. काकूंच्या पर्समध्ये ब्लाऊजपीस, तांदळाची पुडी, सुपारी, खोबऱ्याची वाटी, सगळं तयार. परदेशात कुणी लेकीसुना भेटल्या तर असावं म्हणून पुण्याहून आणलेलं. गळ्यात मंगळसूत्र नाही हे कुणीतरी बोललं. त्यावर काकूच: "इकडे कोण घालतं आता?" के.चा स्टोल त्यांनीच पसरला आणि भर चौकात ओटी भरली. एक जपानी आजोबा फोटो काढत होते.

"आता नाव घे."

के.नं माझ्याकडे पाहिलं. सांग ना यांना, अशा नजरेनं. मला कळलं होतं. तरी मी हसत उभा राहिलो. हे खरं लिहितो: मला ती दोन मिनिटं हवी होती.

मग तिनं नाव घेतलं. खणखणीत.
"अल्याड फ्रान्स, पल्याड जर्मनी,
आदित्यरावांचं नाव घेते सगळ्यांच्या साक्षीनी."

टाळ्या. मग काकूंची नजर बिल्ल्यावर. "पण तू तर शंतनु ना रे?"
के. लालबुंद. बावीस जोड्या डोळे. आणि माझ्या तोंडून निघालं, "घरी आदित्य म्हणतात."

त्याच दिवशी, ६
पुढचं.

घड्याळातले पुतळे फिरायची वेळ होती, ग्रुप आत गेला. आम्ही कालव्याकडे चालत गेलो, एका कॅफेबाहेर बसलो. इतकी घडी बसलेली ओळ आयत्या वेळी सुचत नाही. विचारलं. एप्रिलमध्ये पुण्यात साखरपुडा झाला, मावशीनं पाठ करून घेतली होती. आदित्य ब्राउनश्वाइगला, गाड्यांच्या कंपनीत.

"आज तेच सांगायला आले होते."
"एवढी घाई कशाला केलीस? पत्रिकाच पाठवायचीस."
"तू कॉलेज सोडलंस, तेव्हा मला विचारलंस?"
म्हटलं, तो प्रोफेसर रिपोर्ट तिसऱ्यांदा लिहायला सांगत होता. माझाही काही अपमान...
"माहितीये. तू त्याला म्हणालास, 'तूच लिही', आणि बॅग उचललीस. शंतनु, तू दर वेळी दार आपटून जातोस. आणि मग बाहेर उभा राहून वाट बघतोस, मी येते का."

मी ओरडलो. काय, ते लिहीत नाही. बाजूच्या टेबलावरच्या बाईनं पोराला जवळ ओढलं. के. रडली नाही. स्टोल सोडवला, ओटी माझ्या हातात दिली. "हे माझ्यानं घरी नेववत नाही. तू खोटं बोललास त्याबद्दल थँक्स." आणि गेली. ट्राम स्टॉपकडे नाही, उलट्या बाजूला. म्हणजे घर तिकडेच कुठेतरी.

फॉर्म घेऊन डेकवर गेलो. तिथे काका. "ये आदित्य, बस." परत आलो.

६ जून, शुक्रवार. श्पायर
"आदित्य, ताक मिळेल का रे?" "आदित्य, हे वांगं आहे की काय आहे?" "आदित्य, बायको गोड आहे हो तुझी."
'या', 'आल्झो', 'बिट्टं': हो, बरं, घ्या. त्याच्या नावानं दिवसभर बशा उचलल्या. तो तिथे ब्राउनश्वाइगला आरामात, आणि त्याचं ताक मी वाढतोय.

७ जून, शनिवार. कोब्लेंझ
फुटलो. नाश्त्याला काकू म्हणाल्या, "आदित्य, पुढच्या वेळी जोडीनं घरी या, सदाशिव पेठेत कुणालाही विचार." आणि मी ट्रे आपटला. "माझं नाव आदित्य नाही! ती माझी कुणी नाही!" अख्खा हॉल वळून बघायला लागला. जर्मन टेबलंसुद्धा. उवेनं किचनमध्ये नेलं. आणखी एकदा असं झालं तर पुढच्या धक्क्याला उतर, म्हणाला.

बॅग अर्धी भरली. मग के.चं ते दाराचं वाक्य आठवलं. चीड आली. कपडे परत खणात.

८ जून, रविवार. कोलोन
ग्रुप उतरला. माफी मागायची होती, जमेना, नुसत्या बॅगा उचलत होतो. काकू शेवटी उतरल्या. रागावल्या नव्हत्या, ते जास्त लागलं.
"मग त्या दिवशी ओटी कुणाची भरली रे मी?"
"आदित्यच्या बायकोची. होणाऱ्या."
"आणि ती ओटी आहे कुठे?"
"माझ्या कपाटात."
"बरं दिसत नाही. तिची तिला नेऊन दे." मग बिल्ल्याकडे बोट करून, "आणि शंतनु, तू गप्प का उभा होतास रे तेव्हा? ती बघत होती तुझ्याकडे. मला वाटलं लाजतोय."

मी त्यांची बॅग उचलली. चकल्यांचा उरलेला डबाच दिला त्यांनी. घेतला.

बोट उद्या उलटी फिरते, बाझेलकडे. वाटेत केल. के.ला मेसेज लिहिला: तुझी वस्तू द्यायची आहे, पत्ता पाठव, पूल ओलांडून येतो, दारात देऊन जातो. पाठवलेला नाही. दारात देऊन मी निघेन का, मलाच खात्री नाही.

तांदूळ पुडीतून सांडलेत. फॉर्मवर. झटकून फॉर्म काढला. पहिला रकाना, नाव: लिहिलं, शाईनं. चौथा: शिक्षण सोडण्याचं कारण. तीन ओळींची जागा. पहिल्या ओळीत प्रोफेसर लिहिला, खोडला. दुसरीत के. खोडली.

एक ओळ उरलीये.