काकांनी पाठवलेले मंद दिवे

ती. काकांच्या चरणी साष्टांग नमस्कार. (दोन्ही चरण जागेवर असतील अशी आशा आहे, कारण तुम्ही या वयात शिडीवर चढून गच्ची साफ करता असं कानावर आलंय.) काकूंची गुडघेदुखी कशी आहे? आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे बाबा चिडलेले, चिडू नका असं सांगून सांगून आई चिडलेली, आणि मधल्या मध्ये माझं भरीत. फोन केला नाही याचा राग मानू नका. आपल्या घरात फोनवर खासगी बोलायचं तर शेतात जावं लागतं, आणि शेतात बाबा असतात.

तर तुम्ही ट्रॅक्टरसाठी पाठवलेले दोन एलईडी दिवे पोचले. हे तुम्हाला कुणी कळवलं नसेलच. दोन वर्षांपूर्वी रिव्हर्स घेताना बाबांनी तुमच्या पाण्याच्या टाकीत ट्रॉली घातली, तेव्हापासून ते तुमच्याशी बोलत नाहीत. टाकी तुमची फुटली, अबोला त्यांनी धरला. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, पण तुम्ही चारचौघांत पोट धरून हसलात. आणि आता अशा माणसाला भेट म्हणून नेमके ट्रॅक्टरच्या मागे लावायचे दिवे पाठवलेत! (काका, तुम्ही भोळे आहात की पक्के बेरकी, हे मला जन्मात कळणार नाही.) बाबांनी खोकं उघडलं, दिवे उलटसुलट करून पाहिले आणि "मला मागचं दिसत नाही असं म्हणायचंय त्याला," एवढं बोलून आत गेले. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनीच पाना घेऊन दिवे बसवले. फुकट आलेल्या वस्तूवर त्यांचा राग फार टिकत नाही.

दिवे लागले, पण दिवा लागलाय की नाही हे बघायला टॉर्च घेऊन जावं लागे. उन्हाच्या तापामुळे मी हल्ली नांगरट संध्याकाळी करते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या उजेडात मी आपला एक पट्टा तसाच सोडला आणि शेजाऱ्यांचा बांध मात्र मन लावून नांगरला. शेजारी अजून त्यांच्या परीने समजूतदारपणे ओरडताहेत. शेवटी शॉर्टसर्किटला बोलावलं. (हा आमचा वायरमन. एकदा त्याने आमची घंटी दुरुस्त केली आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली, तेव्हापासूनचं नाव.) तो म्हणाला, बॅटरी उतरलीय. बॅटरी चार्ज केली, तर हॉर्न असा वाजायला लागला की म्हैस दूध द्यायची थांबली, पण दिवे जैसे थे. मग म्हणाला, वायर बारीक आहे. जाड वायर टाकली. मग म्हणाला, अर्थिंग नीट नाही, आणि जिथे जिथे अर्थिंग असू शकेल तिथला रंग खरवडून काढला. आता ट्रॅक्टर खरूज झाल्यासारखा दिसतो. शेवटी त्याने मीटर लावला. करंट दिव्यापर्यंत अगदी व्यवस्थित पोचत होता. मग त्याने जाहीर केलं की दिवेच मुळात मंद आहेत.

हे ऐकून बाबांना जो आनंद झाला, तो माझ्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगून आले की भावाने भंगार पाठवलं. आणि आल्या आल्या मला म्हणाले, "पार्सल कर. दिवे परत गेले की विषय संपला. दिव्यांचाही आणि त्याचाही." काका, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. तुम्ही येईनासे झाल्यापासून या घरात बाबांना हसणारं कुणी उरलेलं नाही, आणि त्यामुळे ते फार शेफारलेत. मी हसले तर आगाऊ ठरते आणि आईला वेळ नाही.

पार्सल करायच्या आधी आई दिवे पुसायला बसली, कारण परत करायची वस्तूसुद्धा आपल्या घरातून घाणेरडी जाता कामा नये. पुसता पुसता तिचं नख काचेच्या कडेला अडकलं आणि काच सोलली गेली. आईला वाटलं, फोडली आपण काच. मी जवळ जाऊन पाहिलं, तर ती काच नव्हती, काचेवरचं दुधाळ प्लास्टिक होतं. आता आपलं घराणं तुम्हाला ठाऊक आहे. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. ट्रॅक्टरच्या सीटवर शोरूमचं कव्हर तसंच आहे, ब्रेक मारला की मी स्टिअरिंगवर जाऊन आदळते. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं असतं, हा विचारच आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही. (शॉर्टसर्किटच्याही नाही, पण तो फी घेऊन गेला.) मी दुसऱ्या दिव्यावरचंही सोललं, दोन्ही परत जोडले आणि बटण दाबलं. काका, समोरच्यांच्या भिंतीवरची पाल दिसली. बाबा डोळ्यांवर हात धरून बाहेर आले, दिव्यांकडे पाहिलं, आईच्या हातातल्या प्लास्टिककडे पाहिलं, आणि बॅटरी उतरेल, बंद कर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नांगरटीला गेले तर दिवे पुन्हा मंद. जाऊन बघते तो ते प्लास्टिक चिकटपट्टीने चारी बाजूंनी परत चिकटवलेलं. काचेला चरे पडू नयेत म्हणून, असं बाबांचं म्हणणं. गल्लीभर भंगार म्हणून सांगून आलेला माणूस, दुसरं काय करणार? निदान पार्सलचं नाव तरी काढत नाहीत.

असो. फार लिहिलं, त्यातलं तुम्हाला झेपेल तेवढंच काकूंना वाचून दाखवा.

तुमची आगाऊ पुतणी

ता. क. खरं काम पुढेच आहे. काल मी बाबांना म्हटलं की हे प्लास्टिक काढून टाकू या, तर म्हणाले, "ज्याने पाठवलं तो येऊन काढेल. मी का काढू?" काका, त्यांच्या भाषेत याला आमंत्रण म्हणतात. लगेच निघा. हसू आलंच तर गोठ्यात जाऊन हसा.

आणखी एक ता. क. हे लिहिताना बाबा मागे येऊन उभे राहिले. कुणाला लिहितेस, असं विचारलं नाही. फाट्यापासून रस्ता उखडलाय, दिवस असेतो यायला सांग, असं म्हणाले. दारापर्यंत गेले आणि परत आले. उशीर झालाच तर मी फाट्यावर ट्रॅक्टर लावून थांबतो, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या त्या उजेडात काकांना रस्ता काय दिसणार? त्यांनी दाराची कडी दोनदा हलवून पाहिली. मग म्हणाले, "तेवढ्यापुरतं काढतो प्लास्टिक."