तीन गोदामांचं एक

१९ नोव्हेंबर

प्रिय बाळीस,
अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घ्यावा लागला. मावशीकडे तू खुशाल आहेस, हे मावशीच सांगते. इथे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण कामाच्या वेळी नाही.

तिन्ही गोदामं मिटवून एकच ठेवायचं आणि तिथूनच शहरभरच्या औषध दुकानांकडे फिरत्या गाड्या सोडायच्या, ही तुझी योजना मी भर बैठकीत उडवून लावली. "नकाशावर रेघा ओढून धंदा होत नाही," म्हणाले. तू निघून गेलीस. मग तुझं चुकतंय हे दाखवायला मी आठवडाभर एकाच गोदामातून, तुझ्याच रेघांवर गाड्या सोडल्या.

पहिल्याच दिवशी फजिती. मोठ्या गिऱ्हाइकाचे खोके गाडीच्या दाराशी ठेवायचे, ही आपली जुनी सवय. नव्या फेरीत पहिलं दुकान लहान, त्याचा माल पार तळाशी. मिशीवाले ड्रायव्हर फुटपाथवर घाम पुसत म्हणाले, "बाई, एका खोकल्याच्या बाटलीसाठी अख्खं दुकान मांडलंय. बोहनी करून टाकू का इथेच?"

दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या दुकानाचा माल आधी चढवायला लावला. हे तुझ्या योजनेत नव्हतं, लिहून घे. बाकी सगळं होतं. एका गोदामात संपलेलं औषध दुसऱ्यात धूळ खात पडायचं, ते थांबलं. गाड्या वेळेत परत येतात. मिशीवाल्यांच्या बायकोने विचारलं म्हणे, "लवकर आलात, नोकरी गेली का?"

नदीकाठचं गोदाम काल रिकामं केलं. तुझ्या बाबांनी ठोकलेल्या फळ्या सुताराने काढल्या. निम्मे खिळे वाकडे निघाले. त्यांचं सुतारकाम तसलंच. मी थोडा वेळ तिथेच बसले.

माझा विरोध हिशेबाचा नव्हता, हे तुला बैठकीतच कळलं होतं. चारचौघांत तू ते बोलली नाहीस. बरं केलंस.

भाजी मात्र अजून दोघींपुरती चिरली जाते.

सोमवारपासून गाड्या तू सोड. मी मधे बोलणार नाही. निदान दुपारपर्यंत तरी. हे पत्र आणणारे मिशीवाले गाडी घेऊन मावशीच्या घराखाली थांबलेत. परतीची गाडी रिकामी धावू नये, असं तूच म्हणतेस.

तुझी,
आई

ता. क. मिशीवाल्यांच्या हाती दिलं: गोदामाचा शिक्का, माझ्या खुर्चीवरची उशी, चाव्यांचे दोन्ही जुडगे. माझ्याकडे आता एकही चावी नाही.